एप्रिल ते १ मे: जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत वर्षाचा शेवट कसा करायचा

एप्रिल लागला की नवीन लागलेल्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. मॅडम आकारिकच्या (म्हणजे वर्षभर वर्गात मुलाला बघून केलेल्या मूल्यमापनाच्या) नोंदी कुठून घ्यायच्या, एक्सेल शीट आहे का, तोंडी परीक्षा खरंच घेतात का नुसते मार्क टाकतात, पाचवीचं वेगळं का, टीसी कोणाकोणाला द्यायची. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतेय. मी बीड जिल्ह्यात दोन शिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी, त्यामुळे जे लिहिलंय ते लहान शाळेच्या हिशोबानं. मोठ्या शाळेत कामं वाटून घेता येतात, आपल्याकडे वर्ग पण आपल्यालाच, ऑनलाईन माहिती पण आपल्यालाच आणि तांदळाचा हिशोब पण आपल्यालाच.

एक गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एप्रिलमधे कागद इतका असतो की मुलं समोर बसलेली असतात आणि आपण मान खाली घालून रकाने भरत असतो. असं होऊ द्यायचं नाही. सकाळची शाळा असते, ऊन चढायच्या आत दोनतीन तास मुलं एकदम ताजी असतात, वर्षभर शिकवलेलं आता कुठं त्यांच्या हाताला लागलेलं असतं, आणि तेव्हाच आपण रजिस्टरमधे अडकतो. माझा नियम साधा आहे, मुलं शाळेत आहेत तोवर फक्त मुलांचं काम, कागद मुलं गेल्यावर. आणि कागद कमी वेळात व्हायला पाहिजे तर तो मार्चपासूनच थोडाथोडा उरकत आणायचा, दुसरा उपाय नाही.

आधी मार्कांचं गणित समजून घ्या

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा आहे आणि मूळ सांगाडा अजून तोच चालतो. दोन सत्रं, प्रत्येक सत्रात एक आकारिक आणि एक संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी घ्यायची परीक्षा. पहिली दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०. तिसरी चौथीला आकारिक ६० आणि संकलित ४०. संकलितमधे पण सगळं लेखी नसतं, १० मार्क तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणजे पहिली दुसरीला लेखी फक्त २० चं आणि तिसरी चौथीला ३० चं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना संकलित नसतंच, पूर्ण १०० आकारिकचे.

हे आकडे नीट बघितले तर कळतं की पहिलीतल्या मुलाच्या १०० मार्कांपैकी लेखी पेपरचे २० च आहेत. बाकीचे ८० आपण वर्गात त्याला बघून, त्याच्याशी बोलून, त्याच्याकडून काही करून घेऊन द्यायचे आहेत. आणि सगळा ताण मात्र त्या २० मार्कांच्या पेपरचा घेतला जातो, पालक पण घेतात आणि आपण पण.

श्रेणीचं उदाहरण देते. तिसरीतल्या मुलीला गणितात आकारिकमधे ६० पैकी ४७ आणि संकलितमधे ४० पैकी २६ मिळाले, बेरीज ७३, म्हणजे ब-१. ९१ पासून वर अ-१, मग दहा दहानं खाली अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२ असं ४१ पर्यंत, ३३ ते ४० ड, त्याखाली इ-१ आणि इ-२. ड किंवा त्याखाली असलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान क-२ पर्यंत आणायचं असं त्याच निर्णयात आहे, ते सहसा कोणी वाचत नाही. म्हणून ड दिसला की निकालपत्रक बंद करायचं नाही, त्या मुलासाठी एप्रिलचे शेवटचे आठ दहा दिवस राखून ठेवायचे.

वरच्या वर्गांना प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीचे पेपर राज्याकडून येतात, त्याचे मार्क मोबाईलवर चॅटबॉटमधे भरायचे असतात. बाकी विषयांचे पेपर आपणच काढायचे. पेपर आले की आधी मोजून घ्या, कमी पडले तर तालुक्याला झेरॉक्स काढायला जायला लागतं आणि त्यात एक सकाळ जाते.

आकारिकच्या नोंदी, यावर जरा जास्त लिहिते

आकारिकची आठ साधनं आहेत, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. याचे मार्क वर्षभर कुठंतरी टिपलेले असले तर एप्रिलमधे फक्त बेरीज करायची राहते. मी प्रत्येक मुलाच्या नावाचं एक पान असलेली शंभरपानी वही ठेवते आणि टेबलावरच ठेवते, कपाटात नाही. एखादं मूल काही वेगळं बोललं, काही जमलं, काही अडलं की तिथंच एक ओळ आणि तारीख. दोन शब्द लिहिले तरी चालतात, "दशक सुटा करताना गोंधळ", "गोष्टीचा शेवट बदलून सांगितला", "दुसऱ्याचं पुसून स्वतः लिहितो". एप्रिलमधे ही वही उघडली की वर्णनात्मक नोंदी आपोआप येतात, कोणाची पीडीएफ मागायची गरज पडत नाही.

पीडीएफबद्दल स्पष्ट बोलते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी शेकडो तयार नोंदी फिरतात, "वाचन चांगले करतो", "अभ्यासात सातत्य ठेवावे", "अक्षर सुंदर आहे", आणि त्या जशाच्या तशा चाळीस पोरांच्या पानावर उतरतात. अशा नोंदीतून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही आणि आईबापाला तर अजिबात नाही. प्रगतीपुस्तकात रकाने तीन असतात, विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. तीन ओळी एका मुलासाठी. तेवढ्या तरी त्याच्याच असाव्यात.

नोंद कशी लिहायची ते एका वजाबाकीवरून सांगते. ३०२ वजा १४७. उत्तर १५५. दुसरी तिसरीतली बरीच मुलं २४५ लिहितात. तुम्ही लाल फुली मारून ० दिला आणि नोंदीत "वजाबाकीत सुधारणा आवश्यक" लिहिलं तर काम संपलं असं वाटतं. पण २४५ कुठून आलं ते बघा. एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्यानं ७ मधून २ वजा केले, ५. दशकात ० मधून ४ जात नाहीत म्हणून ४ तसेच उतरवले. शतकात ३ वजा १, दोन. म्हणजे या मुलाला वजाबाकी येते, फक्त प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय आणि मधे शून्य आलं की शतक सुटं करून दशक आणायचं हे त्याच्या हातून कधी झालेलंच नाही. मग नोंद अशी होते: "बिनहातच्याची वजाबाकी बिनचूक करतो. मधे शून्य असलेल्या संख्येत शतक सुटं करण्याचा सराव हवा." आणि उपाय पण तिथंच सापडतो, दहाच्या काड्यांचे गठ्ठे, त्यातला शंभरचा गठ्ठा त्याच्याच हातानं सोडायला लावायचा, रबर निघतं, दहा गठ्ठे हातात येतात, मग त्यातला एक परत सोडायचा. दोन तीन सकाळी हे केलं की बहुतेक मुलांचं सुटतं. एप्रिलमधे वेळ याला द्या.

भाषेचं पण तसंच. "वाचन मध्यम" असं लिहू नका. "जोडाक्षरी शब्दापाशी थांबते पण स्वतः दुरुस्त करून पुढे जाते, वाचलेलं स्वतःच्या शब्दात सांगते" हे लिहा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं धरलंय, ते मोजायला हरकत नाही, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि मोजा. पण मूल घड्याळाकडे बघून पळायला लागलं तर मोजणी तिथंच थांबवा. ४० शब्द समजून वाचणारी मुलगी मला ७० शब्द धडाधडा म्हणून काहीच न सांगता येणाऱ्या मुलापेक्षा पुढं वाटते आणि नोंदीत मी ते तसंच लिहिते.

तोंडी परीक्षा खरंच घ्या

लेखी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक उरका. दोन शिक्षकी शाळेत हे असं जमतं, एका शिक्षकानं सगळे वर्ग घ्यायचे, चित्रं काढणं, वाचनपेटीतली पुस्तकं, मातीकाम असं काही, आणि दुसऱ्यानं लिंबाखाली चटई टाकून एकेका मुलाला बोलवायचं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. एका मुलाला पाच सात मिनिटं पुरतात. प्रश्नाला "परीक्षा" हा शब्द लावायचा नाही, गप्पाच मारायच्या. पहिलीच्या मुलाला बाजाराचं चित्र द्या आणि काय काय दिसतंय विचारा. मग खरी नाणी आणि नोट हातात द्या, २० रुपये दिले, १२ रुपयांचा पुडा घेतला, परत किती? जे मूल फळ्यावर २० वजा १२ बघून गप्प बसतं ते इथं पटकन ८ सांगतं, कारण दुकानात त्याला रोज पाठवतात. आता त्याला येतं का येत नाही? येतं. लिहायला शिकवायचं राहिलंय.

आमच्या भागात तोंडी खरंच घ्यायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ऊसतोडीहून परत आलेली मुलं. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की वर्गातली काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला की मार्च एप्रिलमधे परत येतात. म्हणजे बरोबर परीक्षेच्या तोंडावर. अशा मुलाला सरळ पेपरला बसवलं तर तो कोरा देतो आणि मान खाली घालतो. मागं चौथीतला एक मुलगा असाच आला होता, वहीत दोन ओळी लिहायला तयार नाही. तोंडीला बसवलं आणि वजनमापं काढली. टन म्हणजे किती क्विंटल विचारलं तर लगेच दहा. मग तो स्वतःच सांगायला लागला, एका गाडीत किती मोळ्या बसतात, काट्यावर भरलेली गाडी आधी आणि रिकामी गाडी नंतर का मोजतात, वजनातून वजन कसं वजा करतात. मी त्यालाच तिथं पाटीवर मांडायला लावलं, भरलेल्या गाडीचं वजन वर, रिकाम्या गाडीचं खाली. चार अंकी वजाबाकी केली त्यानं. मोठ्या आकड्यांची. प्रात्यक्षिकाचे मार्क मी त्यावरच दिले आणि पुढच्या दिवशी पाटीवरचं वहीत उतरवून घेतलं.

तर अशा मुलांसाठी काय करायचं, आल्या दिवशी हजेरीत घ्या, बाहेरगावी कुठल्या शाळेत बसला होता का ते विचारा, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते ते) नेलं असेल तर त्यावर तिकडच्या नोंदी बघा. मग पहिले चार दिवस फक्त वाचन आणि गप्पा, मग तोंडी, आणि लेखी सगळ्यात शेवटी, लागलं तर दोन बैठकीत. त्याच्या आईला घरी जाऊन भेटा. टोळीतून परत आलेल्या बाईला शाळेत यायला संकोच वाटतो, कामं पण ढीगभर पडलेली असतात.

लेखी पेपरचे दिवस

पहिली दुसरीच्या मुलांना प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, दोनदा. पेपर सोडवायला लागण्याआधी प्रत्येकाकडे पेन्सिल, खोडरबर आहे ना ते बघा, जादाच्या दहा पेन्सिली टोक करून टेबलावर ठेवा. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, एप्रिलमधे मुलांना चक्कर येते, खास करून जी उपाशी येतात त्यांना, म्हणून आम्ही पेपरच्या आधी खिचडी देतो आणि मग बसवतो. वेळ संपली म्हणून सातवर्षांच्या मुलाच्या हातातून पेपर ओढून घेऊ नका, दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

पेपर तपासून झाले की मुलांच्या हातात द्या, हे फार कमी शाळांत होतं. एक दिवस फक्त यासाठी ठेवा. आपलं चुकलं कुठं ते त्यांनाच शोधू द्या, शेजाऱ्याशी ताडून बघू द्या. बेरजेत आपलीच चूक राहिली असेल तर मुलं बरोबर पकडतात आणि मार्क वाढले की जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. मग पेपर परत गोळा करून गठ्ठे बांधा.

पाचवी असेल तर वेगळं लक्ष द्या. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला दुसऱ्या सत्रात संकलितच्या जागी वार्षिक परीक्षा आहे, पाचवीला विषयाला ५० मार्क, त्यात १० तोंडी आणि ४० लेखी, पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के. कमी पडलं तर सवलतीचे गुण आहेत, तरी राहिला तर जूनमधे पुनर्परीक्षा, आणि तिथंही राहिला तर त्याच वर्गात. त्यामुळे पाचवीच्या पालकांना फेब्रुवारीतच एकदा बोलवून हे सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी पहिल्यांदा कळलं तर मूल शाळा सोडतं, मुली तर हमखास. पुनर्परीक्षेला बसणाऱ्या मुलाला मे महिन्यात कोण शिकवणार हे पण एप्रिलमधेच ठरवा, आठवड्यातून दोन सकाळी मी येते, नाहीतर गावातली कॉलेजला जाणारी एखादी ताई तयार होते, फक्त तिला नेमकं काय घ्यायचं ते लिहून द्यायचं, सगळं पुस्तक नाही.

पहिलीची नवीन पोरं

याच दिवसात पटनोंदणी असते. ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षं पूर्ण होतात तो पहिलीला घेता येतो. अंगणवाडीताईंकडून दाखलपात्र मुलांची यादी घ्या आणि ती यादी घेऊन स्वतः घरोघर जा, फोनवर करू नका. जन्माचा दाखला आणि आधार यातलं नाव, तारीख जुळतंय का तिथंच बघा, कारण जूनमधे ऑनलाईन भरताना आधार जुळत नाही म्हणून पोराचं नाव अडकतं आणि आईबाप तालुक्याच्या चकरा मारत बसतात. शाळापूर्व तयारीचा "पहिले पाऊल" मेळावा एप्रिलमधे घ्यायचा असतो, तो उरकायचा म्हणून उरकू नका. आयांना टेबलाच्या अलीकडे बसवा, मुलगा ठसे उमटवतोय, उड्या मारतोय, वस्तू वेगळ्या करतोय हे त्यांना जवळून दिसू द्या, आणि घरी करायच्या खेळांचं आयडिया कार्ड हातात देताना एक तरी खेळ करून दाखवा. माता गटात एखादी बोलकी बाई असली की मे महिनाभर ती पाच सहा घरं सांभाळते, हे मी बघितलंय.

१ मे

सकाळी ध्वजारोहण, महाराष्ट्र दिन, त्यानंतर निकाल. गाव गोळा झालेलं असतं. इथं एक आग्रहानं सांगते, पहिला दुसरा तिसरा नंबर जाहीर करू नका. आपल्या मूल्यमापनात नंबर नाहीच, श्रेणी आहे, आणि मायकवर तीन नावं घेतली की बाकीची पोरं त्या क्षणापासून मागं पडलेली असतात. सरपंच बक्षीस द्यायचं म्हणाले तर सगळ्यांसाठी वही पेन मागा, लोक आनंदानं देतात.

माझ्याकडे निकाल असा होतो. ध्वजवंदन, गीतं, खाऊ, मग वर्गात बाकं बाजूला, एकेका मुलाला पालकाबरोबर समोर बसवायचं. प्रगतीपुस्तक मुलाच्या हातात, पालकाच्या नाही. आधी विशेष प्रगतीची ओळ मुलानंच वाचायची, मोठ्यानं, आईसमोर. वाचता येत नसेल तर मी वाचते. मग वर्षाच्या सुरुवातीची वही आणि आताची वही शेजारी शेजारी उघडून दाखवायची, जूनमधलं अक्षर आणि एप्रिलमधलं अक्षर. श्रेणी काय असते हे कळो न कळो, हे सगळ्यांना कळतं. मग सुधारणेची एकच गोष्ट सांगायची, एकच, आणि ती घरी कशी करता येईल तेवढं. "अभ्यास घ्या" म्हणू नका, ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिनं काय घ्यायचं? तिला सांगा की रोज संध्याकाळी भाकरी करताना पोराला शेजारी बसवून एक गोष्ट वाचायला लावा, तुम्ही फक्त ऐका आणि मधे विचारा पुढं काय झालं.

ड मिळालेल्या मुलाच्या पालकांशी गर्दी ओसरल्यावर बोला. बाप बऱ्याचदा तिथंच हात उचलतो, त्याला आधीच थोपवायला लागतं. आणि मुलाला वर्गाबाहेर पाठवून नाही, त्याला बसवूनच बोला, फक्त आवाज खाली ठेवा. पहिली ते चौथीला नापास हा शब्दच नाही हे पालकांना दरवर्षी सांगायला लागतं.

सुट्टीचा अभ्यास

शुद्धलेखनाची दहा पानं आणि पाढे लिहून आणा असला अभ्यास देऊ नका, १४ जूनच्या रात्री ताईदादा लिहून देतात. मे म्हणजे लग्नं, जत्रा, मामाचं गाव, आंबे. यातच वाचन लिखाण घाला. घरी आलेल्या लग्नपत्रिका जमा करायच्या आणि त्यातली नावं, गावं, तारखा वाचायच्या, पत्रिकेत जोडाक्षरं इतकी असतात की धड्यात नसतील तेवढी. एसटी स्टँडवर गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. आजीकडून एक ओवी ऐकून वहीत उतरवायची, जशी ती म्हणते तशीच. आंब्याच्या पाटीत किती, डझन किती होतात, एका डझनाचे एवढे तर सगळ्या पाटीचे किती. तिसरीच्या पुढं रोज दोन ओळी, आज काय बघितलं.

आणि ग्रंथालयातली पुस्तकं सुट्टीत कपाटात बंद करू नका. हरवतील, फाटतील या भीतीनं आपण कुलूप लावतो. प्रत्येक मुलाला दोन दोन पुस्तकं द्या, वहीत नाव लिहा, आपसात बदलायला सांगा. थोडी फाटतात. फाटलेलं पुस्तक म्हणजे कोणीतरी वाचलंय. जुनी पाठ्यपुस्तकं मात्र गोळा करा, चांगली निवडून ठेवा, जूनमधे नवीन पुस्तकं कमी आली तर तीच उपयोगी पडतात.

टीसी, धान्य आणि बाकीचं पटापट

शेवटच्या वर्गातून जाणाऱ्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहिताना जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही) समोर ठेवूनच लिहा, आधार बघून नाही. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मस्थळ, हे पालकाला एकदा वाचून दाखवा आणि मग सही करा. पुढं जातीच्या दाखल्यापासून सगळीकडे हाच कागद लागतो आणि एका वेलांटीसाठी लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. टीसी अडवून धरायची नाही, शिक्षण हक्क कायद्यानुसार मागितल्यावर मुख्याध्यापकानं ती लगेच द्यायची आहे, आणि टीसी नाही म्हणून दुसऱ्या शाळेला पण प्रवेश नाकारता येत नाही. यू-डायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा पेन नंबर, म्हणजे त्याचा कायमचा शिक्षण क्रमांक, टीसीवर लिहून द्या म्हणजे पुढच्या शाळेला शोधायला लागत नाही.

चौथी पाचवीच्या मुलांचा निरोप समारंभ साधाच करा पण करा. भाषणं कमी, मुलांना बोलू द्या. पुढची शाळा लांब असेल तर तिथं एक दिवस सगळ्यांना चालत किंवा गाडीनं घेऊन जा, वर्ग दाखवा, तिथल्या सरांशी ओळख करून द्या, बाथरूम कुठं आहे ते मुलींना दाखवा. एवढ्यानं गळती थांबायला खूप मदत होते.

पोषण आहाराचा साठा शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष मोजा, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ या हिशोबानं रजिस्टर आणि कोठीतला माल जुळला पाहिजे. उरलेला तांदूळ झाकणाच्या कोठीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, भिंतीपासून लांब. डाळ, तिखट, तेल उघडं ठेवू नका. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे हजेरी आणि मानधनाचे कागद सुट्टीआधी पाठवा, त्यांचे पैसे आधीच उशिरा येतात.

टीव्ही, टॅबलेट, इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा, टाकी रिकामी करून धुवून पालथ्या तोंडानं नाहीतर झाकण घट्ट लावून ठेवा. झाडांचं पाणी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांत वाटून द्या, कोणत्या झाडाला कोण ते नावानिशी, नाहीतर जूनमधे एक झाड दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक एप्रिलअखेर घ्या आणि पावसाआधी पत्रं, कौलं, दारं काय दुरुस्त करायचं ते ठरावात लिहून घ्या, जूनमधे पाणी गळायला लागल्यावर कोणी ऐकत नाही.

सगळ्यात शेवटी एक कागद. सुट्टीत बदल्या होतात, जूनला तुमच्या वर्गावर तुम्हीच असाल असं नाही. प्रत्येक वर्गाचं एक पान लिहा, सरकारी भाषेत नको, बोलल्यासारखं. कोणाला लांबचं दिसत नाही म्हणून पुढं बसवायचं, कोण तोतरं बोलतं आणि त्याला वाचताना घाई करायची नाही, कोणाच्या घरी काय झालंय, कोण दिवाळीनंतर जाणार आहे आणि त्याच्या आजीचा फोन नंबर काय, कोण मधे शून्य आलं की अडतो, कोणाला कुठल्या पुस्तकापासून पुढं न्यायचं. या पानावर मुलांची खाजगी माहिती असते म्हणून ते ग्रुपवर टाकायचं नाही, फोटो काढून पाठवायचा नाही. पाकिटात घालून वर्गाच्या हजेरीच्या आत ठेवा आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की नवीन कोणी आलं तर आधी हे द्या.